लाकूड गार होतंय

मी पट्टी बोलतेय. पोलादाची, माणसाच्या उंचीहून लांब आणि दोन बोटं रुंद. शाळेतली मोजपट्टी डोळ्यांसमोर आली असेल तर आधी ती बाजूला ठेवा. माझ्या अंगावर आकडे नाहीत आणि पोरांचे हात लाल करायची मला सवय नाही.

कौतुक सगळं खुर्चीच्या वाट्याला येतं. गोल पाठीची, हलकी, वेताच्या बैठकीची ती खुर्ची तुम्ही पाहिली असेलच. जुन्या इराण्याच्या हॉटेलात कधी चहा घेतला असेल तर तसल्याच एखादीवर रेलून घेतला असेल. "काय सुंदर वळण दिलंय लाकडाला!" असं लोक म्हणतात. ते दिलं कुणी, हे मात्र कुणी विचारत नाही. आता या वयात मी रुसत बसत नाही, पण म्हटलं एकदा सांगून टाकावं.

माझा जन्म चेक देशात, मोराव्हियातल्या दोल्नी बुकोवा गावचा. डोंगरभर बीच नावाची उंच झाडं, खाली ओढा आणि ओढ्याकाठी इग्नात्स ओंद्राशेकची शेड. तेव्हा आमच्यावर व्हिएन्नाच्या सम्राटाचं राज्य होतं. इग्नात्स बर्फावरच्या घसरगाड्या बनवायचा. गाडीच्या पुढच्या टोकाला लाकूड वर वळवावं लागतं. ते वळवता वळवता एक दिवस त्याच्या डोक्यात खुर्ची आली, ती काही जाईना.

बीचचा दांडा वाफेच्या पेटीत घालायचा, मऊ झाला की बाहेर काढून बिडाच्या साच्याभोवती वाकवायचा. सांगायला किती सोपं! वाकताना लाकडाचं पोट दबतं, ते बिचारं सोसतं. पाठ मात्र ताणली जाते, आणि ती काडकन फाटते. म्हणून दांड्याच्या पाठीला मला बांधायचं. ताण सगळा मी घेते आणि दांडा निमूट वळतो. ही युक्ती इग्नात्सची नव्हे हो, तोवर ती सगळ्या खोऱ्याला माहीत झाली होती. पण मला घडवून घेताना तो लोहाराच्या डोक्यावर असा उभा राहिला की शेवटी लोहार म्हणाला, "मालक, घण तुम्हीच धरा. मी शेजारी उभा राहून सूचना देतो." तेव्हा कुठे त्याचं तोंड मिटलं.

वाकवायला माणसं दोन लागतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये साचा. दोघांनी माझं एकेक टोक धरायचं आणि सारख्या जोरानं ओढत साच्याभोवती फिरायचं. एकाचा हात ढिला पडला की खुर्चीची पाठ तिरकी झालीच म्हणून समजा. म्हणून आधी डावा विचारतो, "हं?" उजवा म्हणतो, "हं!" आणि मग दोघं ओढतात. मधे बोलायला सवड नसते. पेटीतून काढलेलं लाकूड बघता बघता गार होतं, आणि गार लाकूड कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आमच्याकडे अशी जोडी एकदा जमली की जमली. डावा तो कायम डावा, उजवा तो कायम उजवा. जोडीदार आजारी पडला, म्हातारा झाला, सोडून गेला, की मागे राहिलेल्याला सगळे 'विधुर' म्हणायचे. गुत्त्यात त्याला बिअर पाजायचे आणि चिडवायचे, "काय रे, स्थळ बघतोयस की नाही दुसरं?"

आणखी एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. जोडी कामावरून निवृत्त झाली की तिनं वाकवलेली शेवटची खुर्ची गावच्या गुत्त्यात नेऊन ठेवायची. वर भिंतीवर त्या जोडीची पट्टी ठोकायची. दोघं जिवंत आहेत तोवर त्या खुर्चीवर कुणीच बसायचं नाही. माणसं दोन, खुर्ची एक, एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं काय बघत उभं राहायचं? एक गेला की मग मागे राहिलेल्यानं बसायचं. गुत्त्याच्या भिंतीला लागून अशा खुर्च्या ओळीनं असायच्या. काही रिकाम्या, काहींवर एकेक म्हातारा.

इग्नात्स गेला आणि त्याचा मुलगा एमानुएल गादीवर बसला. शेडचा कारखाना झाला, धुराडं उभं राहिलं, त्यावर 'ओंद्राशेक' असं नाव कोरलं गेलं. व्हिएन्नाच्या कॉफीघरांतून आमच्या खुर्च्या, ट्रिएस्टच्या बंदरातून थेट इजिप्तला आमच्या खुर्च्या. आसपासच्या गावांतल्या बायका घरी बसून वेताच्या बैठकी विणायच्या. काय दिवस होते! सकाळी पेट्यांची झाकणं उघडली की सगळीकडे वाफ व्हायची, माणसं दिसायची नाहीत, नुसतं "हं?" "हं!" ऐकू यायचं. आजही आठवलं की माझं पोलाद तापतं.

घराण्याचा एक नियम म्हाताऱ्या इग्नात्सनं घालून दिला होता. मालकाच्या पोरानं आधी साच्याशी उभं राहायचं, मग ऑफिसात बसायचं. म्हणून एमानुएलचा मुलगा रॉबर्ट खाली आला. त्याला शिकवायला दिलं योसेफ पोलाखच्या हाताखाली, आणि पट्टी होते मी. योसेफ उजवा, रॉबर्ट डावा. पोराच्या तळव्यांना फोड आले. योसेफ म्हणायचा, "रडायचं तर रड, पण टोक सोडू नकोस. आणि हे बघ, एकदा वाफवलेलं लाकूड परत पेटीत घालायचं नाही. मरतं ते." रॉबर्ट शिकला. हात चांगले होते त्याचे, मी सांगते ना.

मग मंदी आली. मागणी आटली, एमानुएलनं मजुरी कापली, माणसांनी साचे सोडून संप केला. पुढे होता योसेफ. संप मोडला आणि एमानुएलनं योसेफला ऑफिसात बोलावून कामावरून काढलं. रॉबर्ट तेव्हा त्याच ऑफिसात टेबलाशी बसला होता. ज्यानं हात धरून शिकवलं त्याच्यासाठी पोरानं तोंड उघडलं नाही. योसेफ नंतर दगडाच्या खाणीवर गेला आणि दोन हिवाळ्यांत छातीच्या दुखण्यानं गेला.

त्याचा मुलगा वेंदेलिन. सगळे त्याला वेंदा म्हणायचे. बापाला काढल्याचं कळलं त्या दिवशी त्यानं शपथ घेतली की ओंद्राशेकच्या खुर्चीवर म्हणून बूड टेकणार नाही. पुढे एमानुएल वारला, युद्ध आलं, माणसं कमी पडली, आणि वेंदाला पोटासाठी त्याच कारखान्यात यावं लागलं. बापासारखाच उजवा. मी त्याच्या हातात आले तेव्हा मला वाटलं, योसेफच आला. पण शपथ ती शपथ. जेवणाच्या सुट्टीत तो पालथ्या बादलीवर बसायचा आणि घरात त्यानं बाक ठोकले होते. त्याची बायको आनेश्का वेत न्यायला फाटकाशी यायची तेव्हा सगळ्यांदेखत म्हणायची, "जगाला खुर्च्या पुरवतात आणि माझ्या घरात पाहुणा आला की त्याला शाळेत बसल्यासारखं बाकावर बसवतात!"

युद्धाच्या काळातली एक गंमत सांगते. जर्मनांनी कारखाना घेतला होता. एक दिवस भोंगा वाजला, वर विमानं घरघरायला लागली. अधिकारी ओरडला, "तळघरात पळा!" एक माणूस हलला नाही. ज्याच्या हातात गरम दांडा होता त्यानं तो आधी साच्यात बसवला, शिकंजे आवळले आणि मग पळाला. अधिकारी ओरडून ओरडून लालबुंद झाला. आमच्या लोकांची ही खोडच आहे. गरम दांडा गार होताना त्यांना बघवत नाही. त्यात शौर्य वगैरे काही नाही, हात आपोआप जातात.

युद्ध संपलं आणि थोड्याच वर्षांत नवं सरकार आलं. कारखाना सरकारजमा झाला, 'ओंद्राशेक' नाव धुराड्यावरून खरवडलं. रॉबर्टला वाड्यासारख्या घरातून काढून मागच्या दोन खोल्यांत टाकलं. बायको हेडविका, लहानगी एमा आणि तो. वर कारभार बघायला श्क्राबाल नावाचा माणूस शहरातून आला. आधी ट्रामवर कंडक्टर होता. तिकिटाशिवाय कुणी बसू नये, एवढं एकच तो आयुष्यात शिकला होता.

श्क्राबालनं रॉबर्टला सगळ्यांसमोर उभं केलं. "कॉम्रेड ओंद्राशेक, आम्ही सूड घेणारी माणसं नव्हे. तुम्हाला वाकवता येतं म्हणतात. वाकवा. महिनाअखेर इतरांइतकं काम भरलं तर राहा. नाही भरलं, तर कामचुकार लोकांसाठी खाणी आहेत."

खाणी कसल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून परतलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. आणि श्क्राबालचा डावही सगळ्यांच्या लक्षात आला. एकट्या माणसाला वाकवता येत नाही. जोड्या आधीच जुळलेल्या, आणि मालकाच्या पोरासमोर स्वतःहून उभा राहील त्याचं नाव सरकारच्या काळ्या यादीत जाणार. मोकळा माणूस कारखान्यात एकच होता. वेंदाचा जोडीदार गायदा पाठीच्या दुखण्यानं घरी बसला होता, म्हणजे वेंदा विधुर झाला होता. श्क्राबालनं त्याला जोडीदार मिळेपर्यंत शिकंज्यांची देखभाल दिली होती, आणि पुढे मुकादम करतो म्हणून कानात सांगितलंही होतं.

"पोलाख, तू तर नाहीच ना उभा राहणार?" त्यानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"मेलो तरी नाही," वेंदा म्हणाला.

पट्ट्यांच्या खुंटीवरून रॉबर्टनं मलाच उचललं. त्याला माझी ओळख पटली असणार. मग रोज एकच प्रकार चालला. तो पेटीतून दांडा काढायचा, मला बांधायचा, साच्याच्या डावीकडे उभा राहायचा आणि विचारायचा, "हं?" कुणी बोलायचं नाही. माणसं माना खाली घालून आपापलं काम करायची. दांडा माझ्या अंगावर गार व्हायचा. मग तो सोडवून सरपणात टाकायचा आणि दुसरा काढायचा. मला मेलीला इतकं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं. हेडविका दुपारी डबा घेऊन यायची, नवऱ्याच्या पाठीमागे सरपणाचा ढीग बघायची आणि डबा ठेवून निघून जायची. एकदा मात्र ती वेंदाच्या बादलीसमोर थांबली.

"पोलाख, मी तुमच्याकडे भीक मागायला आलेली नाही," ती म्हणाली.

"बरं झालं," वेंदा म्हणाला. "माझ्याकडे द्यायला काही नाही."

महिन्याचा शेवटचा आठवडा आला. रॉबर्टचे गाल आत गेले होते. त्या दिवशी त्यानं पेटीतून जो दांडा काढला, तो मी विसरणार नाही. सरळ रेषांचा, एक गाठ नाही, उत्तरेच्या उतारावरचं झाड असावं. वाफेतून निघताना त्याला ओल्या रानाचा वास येत होता. माझ्या अंगाला तो चिकटला आणि मला वाटलं, अरे देवा, हा तरी सरपणात जाऊ नये.

रॉबर्ट डावीकडे उभा राहिला. "हं?"

वेंदा बादलीवर बसून चरबी लावलेला पाव आणि कांदा खात होता. माणसाकडे त्यानं बघितलं नाही. दांड्याकडे मात्र बघितलं आणि पाव चावायचा थांबला.

"अरे लेका, गार होतंय ते," तो म्हणाला. महिनाभरात रॉबर्टशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"दिसतंय मला."

"मग उभा काय राहिलास? परत पेटीत टाक."

"परत टाकलं की मरतं. तुझ्याच बापानं शिकवलंय."

"माझ्या बापाचं नाव त्या तोंडानं घेऊ नकोस!" वेंदा ओरडला. पण ओरडताना तो उठला होता. पाव बादलीवर पडला होता. आणि त्याचं त्याला कळायच्या आत माझं उजवं टोक त्याच्या मुठीत आलं होतं.

"हं!" तो म्हणाला.

आणि दोघांनी ओढलं. काय सांगू तुम्हाला! इतके दिवस मला नुसतं बांधत होते आणि सोडवत होते. दोन्ही टोकांना सारखा जोर आला, दांडा एकदा कुरकुरला आणि लोण्यासारखा वळला. शिकंजे आवळले गेले. सगळी शेड थांबून बघत होती. वेंदानं आपल्या हातांकडे असं बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

श्क्राबाल धावत आला. "पोलाख! काय चाललंय हे?"

"लाकूड गार होत होतं," वेंदा म्हणाला.

"तू कुणासमोर उभा राहिलास, कळतंय का तुला?"

"साच्यासमोर." आणि रॉबर्टकडे वळून, चिडून, "आता बघतोस काय? दुसरा काढ. एवढे दिवस सरपणच केलंस नुसतं, आता भरून काढायला नको?"

त्यांनी भरून काढलं. कसं ते माझ्या अंगाला विचारा, एक टोक सुटलं आणि नव्यानं ठोकावं लागलं. महिनाअखेर काम पुरं झालं आणि श्क्राबालला रॉबर्टला खाणीत धाडायला कारण उरलं नाही. वेंदाची मुकादमकी मात्र गेली. आनेश्का फाटकाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गेली ना हातची? कशाला कडमडलात मधे?"

"लाकूड गार होत होतं."

"आणि तुमचं डोकं? ते कधी गार व्हायचंय?"

असे ते दोघं जोडी झाले, आणि माणसांचे केस पिकेपर्यंत जोडीच राहिले. मैत्री म्हणाल तर छे! वेंदा त्याला 'मालक' म्हणायचा, तेही कसं, दात ओठ खाऊन. "मालक, जोर लावा, नाहीतर तुमचा पगार कापायला लावीन." रॉबर्ट शांतपणे म्हणायचा, "वेंदा, तुझं उजवं मागे पडतंय. म्हातारा झालास." कधी एकमेकांच्या घरी गेले नाहीत, कधी हातात हात दिला नाही. मध्ये मी होते ना, माझ्या दोन टोकांना दोघांचे हात. माणसांना एवढं पुरतं कधी कधी. एमाचं लग्न झालं तेव्हा रॉबर्टनं खसखशीचे गोड पाव आणून सगळ्या शेडला वाटले. वेंदानं दोन खाल्ले आणि म्हणाला, "साखर कमी पडली." घरी न्यायला आणखी दोन खिशात घातले ते मी बघितलं.

त्यांचा शेवटचा दिवस उजाडला. दांडा बाहेर आला, मला बांधलं, आणि रॉबर्टनं "हं?" म्हणायच्या ऐवजी भलतंच काढलं.

"वेंदा, तुझ्या बापाला काढलं तेव्हा मी ऑफिसात होतो. बोललो नाही मी."

"माहितेय मला. घरी येऊन त्यानं तेवढंच सांगितलं होतं. पोरगं काही बोललं नाही म्हणाला."

"मग इतकी वर्षं तू..."

"इतकी वर्षं काय? ऐन वेळेला आठवलं व्हय रे तुला? ओढ आता, गार होतोय दांडा."

रॉबर्टचे डोळे भरले होते, त्याला साचा दिसत असेल की नाही कोण जाणे. पण हात बरोबर चालले. ती खुर्ची आनेश्कानं विणली, दोघांनी गुत्त्यात आणून ठेवली आणि वर भिंतीवर मला ठोकलं. तेव्हापासून मी इथे आहे. रीतीप्रमाणे कुणी बसलं नाही. वेंदा बिअर प्यायला यायचा तो बाकावरच बसायचा. लोक पैजा लावायचे. रॉबर्ट आधी गेला तर वेंदा बसेल? शपथ मोडेल? वेंदा म्हणायचा, "तो मला बसवायला मरणार नाही, एवढा भला नाहीये तो."

पण रॉबर्टच आधी गेला. वसंतात, डोंगरावर बीचला कोवळी पानं फुटली होती तेव्हा. माणसं स्मशानातून थेट गुत्त्यात आली. काळा कोट घातलेला वेंदा सगळ्यांत शेवटी आला. गुत्तेवाल्यानं त्याच्यासाठी आलुबुखाराची दारू ओतून ठेवली होती, तिला त्यानं हात लावला नाही. तो खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. तिच्या गोल पाठीवरून त्यानं हात फिरवला, आधी उजव्या बाजूनं, मग डाव्या. डाव्या बाजूवर हात बराच वेळ राहिला.

"हं?" तो म्हणाला. जन्मभर हे विचारायचं काम दुसऱ्याचं होतं.

कुणी उत्तर दिलं नाही. मी देणार होते हो, पण मला तोंड कुठंय? रॉबर्टची एमा दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि तिनं हळूच खुर्चीची डावी बाजू धरली.

"हं, वेंदाकाका," ती म्हणाली.

वेंदा बसला. आयुष्यात पहिल्यांदा ओंद्राशेकच्या खुर्चीवर बसला, आणि लहान मुलासारखा रडला. बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं, दारूचा पेला उचलला. गुत्तेवाल्यानं धीर करून विचारलं, "पोलाख, तुम्ही तर बसणार नव्हता ना?"

"लाकूड गार होत होतं," वेंदा म्हणाला.

त्यानंतर तो रोज आला आणि रोज तिथेच बसला, अगदी स्वतः जाईपर्यंत. सरकारं पुन्हा बदलली. कारखाना एमाच्या मुलांना परत मिळाला आणि त्यांनी तो विकला. आता तिथे यंत्र वाकवतं, एक माणूस बटण दाबतो आणि समोर कुणी नसतं. खुर्च्या चांगल्या होतात, खोटं कशाला बोलू. जोड्या संपल्या, ती रीतही संपली. भिंतीला लागून जुन्या खुर्च्या तेवढ्या आहेत, सगळ्या रिकाम्या. हल्ली बाहेरगावचे लोक जेवायला येतात आणि आमच्या खुर्चीवर कोट टांगतात, पिशव्या ठेवतात.

तुम्ही कधी आलात तर एवढं करा. कोट दुसरीकडे टांगा. खुर्चीच्या पाठीवरून दोन्ही बाजूंनी हात फिरवा, दोन्ही सारख्या लागतील. मग खुशाल बसा, मला चालेल. आता अडवणारं कुणी नाही, आणि माणूस बसला की लाकूड ऊब धरतं.